बाण कापलेला फोटो

“जुना एखादा छातीचा एक्स-रे फोटो आहे का तुमचा? दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा?” डॉक्टरांनी विचारलं आणि पेंटर “नाही” म्हणून मोकळा झाला. एक क्षणही लागला नाही त्याला, आणि तिथेच त्याचं त्यालाच काहीतरी खटकलं. दारावर आलेल्या विक्रेत्याला आपण जसं आत न बघताच नको म्हणतो, तसं ते उत्तर गेलं होतं. शेजारच्या खुर्चीत बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर वयाने तिच्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. त्या अजिबात घाईत नव्हत्या, आणि पेंटरला भीती वाटत होती ती त्याचीच. एरवी डॉक्टर लोकांना मान वर करायला फुरसत नसते. तेच निवांत बोलायला लागले म्हणजे काही खरं नाही.

“हे बघा, पुन्हा सांगते,” त्या म्हणाल्या. “डाव्या फुप्फुसातली गाठ वाईट आहे, ते आता नक्की झालंय. उजवीकडे आणखी एक आहे, बारकी, गोल. ती डावीचंच पिल्लू असेल तर आजार पसरला असं धरायचं. मग ऑपरेशनचा उपयोग नाही, औषधांवर जेवढे दिवस मिळतील तेवढे मिळवायचे. पण ती वेगळीच असेल, साधी, निरुपद्रवी, तर डावीकडची सरळ काढून टाकता येते. मग तुम्ही बरे होण्याची चांगली आशा आहे.”

“एकाच माणसाला दोन निरनिराळ्या असू शकतात?” बायकोने विचारलं.

“असतात कधी कधी. एक वाईट निघाली की दुसरीही त्याच माळेतली असं धरायचा मोह होतो. आम्हालाही होतो.”

“मग तिथेही सुई घालून बघा ना.”

“वाटेत मोठी रक्तवाहिनी आहे. आणि दोन्ही बाजू उघडायच्या तर यांच्या श्वासात तेवढा दम नाही. जुना फोटो असता ना, तर काम सोपं होतं. तेव्हाही ती होती आणि एवढीच होती असं दिसलं की सुटलो आपण. वाईट गाठ इतकी वर्षं गप्प बसत नाही.” त्यांनी पडद्यावरचं चित्र बंद केलं. “सोमवारी आमची सगळ्यांची बैठक आहे. तोवर कुठे काही सापडतंय का बघा.”

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “मी लाँड्रीत तोंड दाखवून येते. तुम्ही सरळ घरी जा. दुकानात जाऊ नका, त्या रंगाच्या वासात.” तो हो म्हणाला आणि ती बसमध्ये चढल्याबरोबर दुकानाच्या रस्त्याला लागला. घरी जाऊन करायचं काय? पलंगावर पडून छताकडे बघायचं, आणि छताचा रंग कुठे उडालाय ते दिसलं की उठून बसायचं. गेले पंधरा दिवस तेच चाललं होतं. त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कशाला उठलो ते आठवायचं नाही. चालताना निदान पायांना काम होतं. त्याने हात शर्टाच्या खिशावर ठेवला, डावीकडे, मग उजवीकडे. दोन्हीकडे सारखंच लागत होतं. डावीकडचीचा राग यायचा तेवढा येऊन गेला होता. ती चोरच होती, चोरासारखी घुसली होती, सिगारेटी ओढल्या होत्या, फवाऱ्याचा रंग हुंगला होता, तिला दार आपणच उघडून दिलं होतं. जीव खात होती ती उजवीकडची. ती नुसती बसली होती. तिने काही केलं होतं की नाही ते कुणालाच सांगता येत नव्हतं. काही न करता नुसती बसली असेल तरी सोमवारी तिच्याकडे बोट दाखवून ते लोक म्हणतील, पसरलंय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे संन्याशाच्या गळ्यात दोर अडकवला की घरधनीच लटकणार होता. असला न्याय त्याने कधी ऐकला नव्हता.

पाट्या रंगवणाऱ्या माणसाला रस्त्याने निवांत चालता येत नाही. पेंटरला तर कधीच आलं नाही. एकेकाळी या रस्त्यावरची दर तिसरी पाटी त्याच्या हातची होती. आता सगळीकडे छापील फलक, त्यावर हसणाऱ्या बायकांचे दात. त्याच्या हातचं उरलं होतं ते कुणी वाचत नाही असलं काही: खांबांवरचे आकडे, फाटकांवरचं ‘येथे गाडी लावू नये’, पिंपांवरचं ‘ज्वालाग्राही’. एका जुन्या फिल्ममधून अक्षर कापायचं, ती भिंतीवर धरायची, वरून ब्रश थोपटायचा, उचलायची, पुढे जायचं. त्याला काही कला लागत नाही असं दुकानात छपाई करणारा मेहुणा म्हणायचा आणि पेंटर त्याच्याशी वाद घालायचा नाही, कारण ते खरं होतं. मालाच्या डेपोची लांबच लांब भिंत आली. त्या भिंतीवर सगळे बाण होते. पिवळे बाण, मालाच्या गाड्यांना आत शिरायची दिशा दाखवणारे, एकामागून एक, थेट फाटकापर्यंत. त्यानेच काढलेले, तीनदा तरी नव्याने काढलेले. तो खाली मान घालून जात होता आणि त्याचं लक्ष बाणाच्या शेपटीकडे गेलं. शेपटीला उजव्या अंगाला एक बारीक खाच होती. कापताना सुरी निसटली होती. पुढच्या बाणालाही खाच, त्याच्या पुढच्यालाही, सगळ्या बाणांना तीच खाच. सुरी का निसटली होती? खांदा बांधलेला होता म्हणून. डावा हात गळ्यात अडकवलेला होता आणि फिल्म दाबून धरायला हातच नव्हता, गुडघ्याने दाबली होती. पेंटर भिंतीला हात टेकून उभा राहिला. छातीचा फोटो होता. होता म्हणजे काय, तो या भिंतीवरून वर्षानुवर्षं चालत आला होता.

शिंप्याच्या दुकानाची पाटी करताना तो शिडीवरून पडला होता. शिडी धरायला मेहुण्याला ठेवलं होतं. मेहुणा तेव्हा नुकताच मिशी राखायला लागला होता, समोरून कोण गेलं ते त्याने कधीच सांगितलं नाही, पण शिडी सुटली आणि पेंटर रंगाच्या डब्यासकट फरशीवर आला. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. दवाखान्यात बरगड्यांना काही लागलंय का म्हणून अख्ख्या छातीचा फोटो काढला. तो दवाखाना बंद पडून तिथे आता फर्निचरचं दुकान झालंय. फोटो काढणाऱ्या माणसाशी पेंटरने कण्हत कण्हत ओळख काढली, रद्दी फिल्मा असल्या तर देत जा म्हणाला, आणि नंतर कितीतरी वर्षं तो माणूस गठ्ठेच्या गठ्ठे देत राहिला. हाड मोडलं पण माल मिळाला, असं पेंटर चारचौघांत सांगायचा. त्या गठ्ठ्यातली पहिली फिल्म त्याची स्वतःचीच होती. घरी बसून कंटाळा आला होता. डेपोचं काम आलं होतं, बाण पाहिजे होता. आपलाच फोटो कापताना काही वाटलं होतं का? त्याला आठवेना. वाटलं नसणार. चांगली मोठी, जाड, कोरी करकरीत फिल्म, एवढंच वाटलं असणार. कापल्यावर तिला कुणी फोटो म्हटलं नाही, तोही म्हणाला नाही. ती ‘बाण’ झाली. बाण दे रे, बाण कुठाय, बाण ओला आहे, हात लावू नको. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याच्याकडे फोटो नव्हताच, बाण होता. तो खोटं बोलला नव्हता. तरी त्याला स्वतःचा संताप आला.

दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात मेहुण्याचं छपाईचं यंत्र घरघरत होतं. पेंटरचा भाग मागे, खिडकीकडे. भिंतीवर खिळ्यांना स्टेन्सिली लटकत होत्या, काळ्या, रंगाने कडक झालेल्या. त्याने एकेक काढून खिडकीशी धरायला सुरुवात केली. कुणाचं ढोपर, त्यात कापलेला आठ. कुणाची कवटी, तिच्यातून ‘धोका’. कुणाकुणाची दुखणी त्याने आयुष्यभर भिंतीवर दाबली होती आणि कधी ढुंकून बघितलं नव्हतं. ती माणसं आता कुठे असतील असा एक विचार आला आणि त्याने तो घाईघाईने पुढे ढकलला.

“दाजी, काय हुडकताय?” मेहुणा यंत्र थांबवून आत आला. “डॉक्टर काय म्हणाले?”

“बाण कुठाय?”

“कुठला बाण?”

“डेपोचा.”

“तो होय. त्याचा पार दगड झाला होता, मी म्हटलं कशाला ठेवायचा...” पेंटरने मागे वळून बघितलं, त्याबरोबर मेहुण्याने हात वर केले. “टाकला नाही हो. कपाटाच्या मागे आहे. मी तुम्हाला नवा कापून देतो ना, यंत्रावर, दोन मिनिटांत. एकदम सफाईदार.”

“मला तोच पाहिजे.”

कपाटामागून निघाला तेव्हा तो खरोखरच दगड झाला होता. पिवळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर पिवळा, थरांवर थर. बाणाचं भोक फिल्मच्या एका अर्ध्यात होतं, उभं, टोक वर. दुसरा अर्धा अख्खा होता. त्या अर्ध्यात दुसरा, उलट्या दिशेचा बाण कापायचं त्याच्या मनात होतं. गाड्यांना बाहेर पडायचीही दिशा लागते. एकदा तर पेन्सिलीने आखूनही ठेवला होता. पण फिल्म उलटी फिरवली की तोच बाण बाहेरची दिशा दाखवतो हे लक्षात आलं आणि त्याने सुरी ठेवून दिली. आळस नुसता. आयुष्यभर बायको ज्यावरून बोलत आली तो आळस. पण आता बाण उजेडाला धरला तर काहीच दिसेना, रंगाच्या पापुद्र्यातून उजेडच येत नव्हता. आणि मग त्याला धुण्याचं आठवलं. बाकीचे पेंटर फिल्म कापण्याआधी गरम पाण्यात सोडा टाकून धुतात, चित्र सगळं निघून जातं, फिल्म काचेसारखी स्वच्छ होते. त्याला काळीच फिल्म आवडायची, कडा नीट दिसते म्हणून. पण ही पहिली होती. पहिली धुतली होती का? दुसऱ्याचं ऐकून एकदा धुऊन बघितली होती एक, ती हीच का? त्याने डोळे मिटले. गरम पाणी आठवत होतं, बादली आठवत होती, बादलीतलं काळं पाणी आठवत होतं. फिल्म कुठली ते आठवत नव्हतं. त्याने रंग खरवडायची पातळ पट्टी उचलली आणि रंगाच्या पापुद्र्याखाली घालायला गेला.

“ठेवा ती खाली.”

बायको दारात उभी होती. तिला कुणी कळवलं ते विचारायची गरज नव्हती. मेहुणा यंत्राआड जाऊन उगाचच बटणं दाबत होता. तिने चप्पल काढली, जवळ आली, फिल्म बघितली, त्याच्याकडे बघितलं.

“हा तो शिडीवरून पडलात तेव्हाचा?”

“हं.”

“आणि तुम्ही डॉक्टरांना नाही म्हणालात.”

“लक्षात नव्हतं गं. बाण आहे ना तो.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” ती म्हणाली. तिचा आवाज म्हणीइतका करडा नव्हता. तिने पर्स ठेवली, बाह्या वर सारल्या. लाँड्रीत ती डाग काढायच्या टेबलावर बसते. दुसऱ्यांचे चहा, शाई, गंज, सगळं तिच्या हाताखालून जातं. “खरवडायचं नाही. खरवडलं की खालचं पण येतं. टर्पेंटाइन कुठाय? आधी कोपऱ्यावर करून बघू.”

तिने कापसाचा बोळा भिजवून रंगावर ठेवला आणि नुसती थांबली. ते थांबणं पेंटरला सहन होईना. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, डब्यांची झाकणं नीट बसवली, पुन्हा खिडकीपर्यंत गेला. जो वास त्याला कायम घरच्यासारखा वाटायचा त्याने आज मळमळत होतं. “एका जागी बसा बरं,” ती म्हणाली, “तुमच्या चालण्याने माझा हात हलतो.” तो स्टुलावर बसला. रंग फुगला, मऊ झाला, तिने तो फडक्याने उचलून घेतला. पुसला नाही, उचलला. खाली काळं होतं. काळं म्हणजे धुतली नव्हती. काळ्यातून हळूहळू राखाडी पट्टे वर आले, बरगड्या, एकाखाली एक. मग वरच्या बाजूला हासळीचं हाड, मधोमध तुटलेलं, टोकावर टोक चढलेलं. त्याने आपल्या खांद्यावर हात नेला. तिथे अजून उंचवटा होता.

“तुम्हीच आहात,” बायको म्हणाली.

दुसऱ्या अर्ध्यावर ती आणखी हळू गेली. संध्याकाळचं ऊन खिडकीत आलं तेव्हा तिने फिल्म दोन्ही हातांनी वर धरली आणि तिघेही बघायला लागले. ठिपकेच ठिपके. मग त्याच्या लक्षात आलं की ते सगळे काळे आहेत. रंगाचा थेंब टेबलावर पांढरा दिसतो, उजेडाला धरला की काळा. उरलेसुरले थेंब होते ते. एक मात्र काळा नव्हता. उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या मध्ये, वाटाण्याएवढं काहीतरी आजूबाजूच्यापेक्षा उजळ दिसत होतं. पेंटरने ते ओळखलं. ओळखलं म्हणजे त्या ठिकाणाशी त्याचं जुनं भांडण होतं. फिल्म पांढऱ्या भिंतीवर धरली की ते तिथे दिसायचं आणि त्याला वाटायचं, रंग उडालाय. तो अंगठ्याने चोळायचा, नखाने खरवडायचा, फडकं घेऊन घासायचा. ते जायचं नाही. कैक वर्षं तो ते पुसत आला होता.

“दाजी, हेच असणार,” मेहुणा म्हणाला. “झालं की मग. सुटलात.”

“मी ते खरवडायचो,” पेंटर म्हणाला.

“म्हणजे?”

“डाग समजून. फिल्म खरवडली की तिथून उजेड येतो. हे मीच केलेलं असेल तर?”

बायकोने फिल्म खाली घेतली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि सोमवारपर्यंत ती कपड्यांच्या कपाटात, आपल्या घडी घातलेल्या कपड्यांवर ठेवली. त्या दोन दिवसांत पेंटरने ती कितीदा काढून बघितली त्याला सुमार नाही. बघितलं की वाटायचं गाठच आहे, ठेवलं की वाटायचं ओरखडा आहे. आपणच घासून घासून आपल्या छातीला भोक पाडलं आणि आता त्याच भोकाकडे आशेने बघतोय, असं काहीतरी डोक्यात घुसलं ते निघेचना. आणि दुसरंही एक होतं, जे त्याने बायकोला सांगितलं नाही. त्या उजवीकडचीबद्दल त्याला एक विचित्र माया वाटायला लागली होती. ती खरी असली तर शिडीवरून पडण्याआधीपासून ती त्याच्यात होती. लग्नात होती, मूल होऊन चार दिवसांत गेलं तेव्हा होती, छापील फलक आले आणि कामं गेली तेव्हाही होती, काही न मागता. आपल्यातलं आपल्यालाच माहीत नसलेलं एवढं जुनं काही असेल याने त्याला धीर यायचा आणि मग लगेच भीती वाटायची.

सोमवारी डॉक्टरांनी चादर उलगडली आणि फिल्मकडे, मग बाणाच्या भोकाकडे, मग पेंटरकडे बघितलं.

“हे काय आहे?”

“बाण,” पेंटर म्हणाला. “धंद्याचा.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी फिल्म भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावली. बाणाच्या जागी पेटीतली नुसती पांढरीशुभ्र नळी दिसायला लागली, बाण लखलखला. नेमक्या त्याच जागी, आजच्या पडद्यावरच्या चित्रात, डावीकडची वाईट गाठ होती. डॉक्टरांनी भिंग घेतलं आणि उजव्या बाजूला डोळा लावला. बायकोचा हात पेंटरच्या मनगटावर होता. तिची नखं रुतत होती आणि तो काढ म्हणत नव्हता.

“इथे तुम्ही काही घासलंय?”

“हो,” तो म्हणाला. “डाग वाटायचा म्हणून.”

“कडेने घासलंय. हे बघा, ओरखडे वेगळे दिसतात, ते आरपार पांढरे आहेत. मधलं तसं नाही. त्याला कड आहे, आत बारीक दाणे आहेत, कॅल्शियमचे. ते फिल्मवर नाही, तुमच्यात आहे.” त्यांनी मोजपट्टी लावली, मग पडद्यावर जाऊन आजचीला लावली, परत आल्या, परत एकदा लावली. “तेवढीच आहे. इतक्या वर्षांत तसूभर वाढली नाही. ही वाईट नव्हे. जरा कूर्चा, जरा चरबी, सगळा तुमच्या शरीरातलाच माल, चुकीच्या जागी रचलेला. मी बैठकीत हीच दाखवते. माझ्या मते त्यानंतर कुणी ऑपरेशनला नाही म्हणणार नाही.”

“आणि हिचं काय करायचं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. राहू दे तिला.”

“आणि डावीकडची?”

“ती काढायची. ऑपरेशन मोठं आहे, मी गोड बोलणार नाही. पण आता काढता येईल.”

पेंटरला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तो उजेडाच्या पेटीकडे बघत राहिला. अर्ध्या छातीत लखलखता बाण, अर्ध्या छातीत ती बारकी, तिला तो पुसून पुसून थकला होता आणि ती बसून राहिली होती. डॉक्टर पेटी बंद करून म्हणाल्या, “फिल्म आता माझ्याकडे राहील. तुमच्या कागदांबरोबर.”

“परत नाही मिळणार?”

“पुरावा आहे हा. असा देता येणार नाही.”

तो थोडा घुटमळला. “मग एक मोठा कागद मिळेल का? आणि पेन्सिल.”

“कशाला?”

“बाण उतरवून घेतो. एवढा एकच आहे. घरी परत आलो की डेपोची भिंत करायची आहे.”

डॉक्टरांनी टेबलावरचं सामान बाजूला केलं आणि कागद पसरून दिला. त्याने त्यावर फिल्म ठेवली. बायकोने पुढे होऊन तिचे कोपरे दोन्ही हातांनी दाबून धरले. पेंटर वाकला, दम लागला तसा थांबला, पुन्हा वाकला. पेन्सिल टोकावरून निघाली, बरगड्यांच्या कडेकडेने खाली आली, शेपटीपाशी खाचेत अडखळली.

“तेवढं सरळ करून घ्या ना आता,” बायको म्हणाली.

“नको,” तो म्हणाला, आणि खाच जशीच्या तशी उतरवली.